संगमावरचा विसावा

परीक्षेचे दिवस सरले, की विद्यार्थ्यांचे मन थकून जाते. अशा वेळी त्याला विसावा हवा असतो. करमणूक म्हटली, की पैसा खर्च करावाच लागतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु निसर्गाचे दालन सर्वांना मुक्त असते. सोलापूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या तरुणांसाठी असे एक दालन दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग कुडल या गावी आहे. तेथवरच्या प्रवासाचा खर्च सोडला, तर तेथील आनंदाला काहीही मोल पडत नाही.

कुडल येथे भीमा आणि सीना या नद्यांचा संगम होतो. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली आणि पंढरपूरला चंद्रभागा म्हणून पूजिली जाणारी भीमा येथे सीनेला पोटाशी घेते व पुढे कृष्णेला जाऊन मिळते. पैलतीरावर कर्नाटक राज्य आहे. कन्नड भाषेत ‘कूडल’ या शब्दाचा अर्थच संगम असा आहे. दोन नद्यांप्रमाणेच दोन भाषाही येथे एकमेकींच्या शेजारी नांदतात.

सकाळच्या प्रहरी काठावर स्वस्थ बसावे. प्रारंभी सर्व काही निश्चल वाटते. परंतु थोड्याच वेळात नदी जागी होते. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो आणि मासा दिसताच बाणासारखा खाली झेपावतो. उथळ पाण्यात ढोकरी ध्यानस्थ उभी असते. हिवाळ्यात दूरच्या थंड प्रदेशांतून आलेले धोबी पक्षी शेपटी हलवीत ओल्या वाळूवर फिरताना आढळतात. पाहिलेल्या पक्ष्यांची चित्रे व नोंदी वहीत कराव्या.

नदीचा वेग मोजणे हाही एक मनोरंजक खेळ आहे. काठावर दहा मीटर अंतर मोजून दोन खुणा कराव्या. वरच्या खुणेपाशी, काठावरूनच, प्रवाहात वाळलेली काडी टाकावी आणि ती खालच्या खुणेपर्यंत किती सेकंदांत पोहोचते, हे पाहावे. वीस सेकंद लागले, तर तेथील पृष्ठभागावरच्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला. नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूस पाणी वेगाने वाहते व काठ कोरते. आतल्या बाजूस ते मंदावते व वाळू टाकते. पुस्तकातील भूगोल असा डोळ्यांसमोर घडत असतो.

हा आनंद घेताना सावधगिरी मात्र हवी. उजनी धरणातून पाणी सोडले, की भीमेची पातळी वाढते. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली डोह व ओढ असू शकते. म्हणून अनोळखी पाण्यात पोहण्यास उतरू नये आणि गावकऱ्यांचे सांगणे मानावे.

संगमावर संगमेश्वराचे प्राचीन मंदिर आहे. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख कोरलेला आहे. मराठीतील ज्ञात शिलालेखांपैकी अत्यंत जुन्या लेखांत त्याची गणना होते. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. हा लेख जो वाचील तो विजयी होईल, अशा आशयाचे शुभवचन त्याच्या अखेरीस आहे. एक हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने अनोळखी वाचकासाठी केवढी सदिच्छा ठेवली! अशा दगडावर आपले नाव खरडणे म्हणजे त्या सदिच्छेचा अवमान करणे होय.

सायंकाळी विद्यार्थी परततात, तेव्हा त्यांच्या मागे कागदाचा कपटाही राहू नये. बरोबर न्यावयाची ती भरलेली वही आणि ताजे मन. शिलालेख दगडावर असतो, तसा नदीचा लेख पाण्यावर, वाळूवर आणि पाखरांच्या पंखांवर असतो. तो शांतपणे वाचणाऱ्यालाच खरा विसावा लाभतो.