कॅमेऱ्याचं कार्ड, पत्रिकेचा लॅपटॉप

चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावात लग्नसराईवर जगणारे दोन धंदे असतात: पत्रिका छापणाऱ्याचा आणि फोटो काढणाऱ्याचा. पत्रिकावाल्याकडे विंडोज ९८ चा जाडजूड लॅपटॉप अजून निघू शकतो. फोटोवाल्याच्या कपाटात जुन्या कॅमेऱ्यांची कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डं पडून असतात. निकॉनच्या डी ७० ला, कॅननच्या ५० डीला हीच कार्डं लागत. पुढच्या डी ८० आणि ६० डीनं एसडी कार्ड धरलं आणि ही अडगळीत गेली. पत्रिकावाल्याच्या लॅपटॉपची हार्डडिस्क उडाली, तर अडगळीतलं हे कार्ड तिची जागा घेऊ शकतं.

असला लॅपटॉप सांभाळायचा कशाला? त्यात अडकलेल्या मराठीसाठी. आपल्याकडचं डीटीपी पेजमेकरवर वाढलं. अक्षरं मिळाली पुण्यातून: सी-डॅकचं आयएसएम आणि मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी. त्या काळच्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. त्यामुळे फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, पण पेजमेकरची २००१ मधली शेवटची ७.० आवृत्तीही युनिकोडपर्यंत पोचली नाही. शिवाय अशा सॉफ्टवेअरचं लॉक अनेकदा प्रिंटरच्या पोर्टला लागायचं आणि नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसतं. म्हणून जुनं यंत्र टेबलावर राहतं.

या यंत्रात सगळ्यात आधी थकते ती हार्डडिस्क. मिनिटाला ४२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर केसभरही अंतर न ठेवता तरंगणारं हेड, असा तो कारभार. तिला चालायला साधारण ५५ अंशांची मर्यादा असते. अमरावती जिल्ह्यातल्या मे महिन्यात दुकानातच ४४ अंश असतील, तर बंद डब्यातल्या डिस्कला किती वाव उरणार? त्यात बॅटरी कधीच मेलेली असते, आणि लाइन गेली की यंत्र जागच्या जागी बंद पडतं.

कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड सँडिस्कनं १९९४ मध्ये आणलं. त्याची खुबी अशी की ते हार्डडिस्कचीच भाषा बोलतं. आयडीई डिस्क चालवायला जो कंट्रोलर लागतो, तो कार्डाच्या पोटातच आहे. त्यामुळे जोडायला लागणारी पट्टी अगदी साधी असते: एका बाजूला कार्डाच्या ५० पिना, दुसऱ्या बाजूला लॅपटॉपच्या डिस्कचा ४४ पिनांचा सॉकेट, मध्ये नुसत्या तारा. एसडी कार्डाची भाषा वेगळी, म्हणून त्याच्या पट्टीवर एक चिप दुभाष्याचं काम करते. तीही चालते, पण प्रत्येक जुन्या बायोसशी तिचं जुळेलच असं नाही.

लॅपटॉप खोलायच्या आधी मात्र त्याच्या कडेची पीसीएमसीआयए खाच बघावी. साध्या अडॅप्टरमधून कार्ड तिथं घातलं, तर जुनी डिस्क जिवंत असतानाच फाँट, फाइली आणि सेटअप त्यावर उतरवता येतात. ही नक्कल झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

आत कार्ड बसवताना पिना सरळ आहेत ना, पट्टी उलटी तर लागत नाही ना, हे दोनदा तपासावं. कारण याच ४४ पिनांत वीजही आहे आणि उलटी जोडणी कार्ड जाळू शकते. मग प्रश्न आकाराचा. फार जुन्या बायोसला १०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर यांपलीकडे मोजता येत नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरनं हिशेब केला तर ही मर्यादा ५२८ एमबीवर थांबते. त्यानंतरच्या पिढीची भिंत ८.४ जीबीला आहे. विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीला २ जीबीपेक्षा मोठं पार्टिशन करता येत नाही. म्हणून ६४ जीबीच्या कार्डापेक्षा ४ जीबीचं जुनं कार्ड इथं जास्त कामाचं. विंडोज एक्सपी टाकायची असेल तर आणखी एक मेख आहे: पुष्कळ कार्डं स्वतःची ओळख ‘काढता येणारी डिस्क’ अशी देतात आणि अशा डिस्कवरचं पहिलंच पार्टिशन एक्सपीला दिसतं. विंडोज ९८ इतके चोचले करत नाही.

कार्डावर यंत्र सुरू झालं की डिस्कची घरघर थांबते. ४२०० फेऱ्यांच्या डिस्कवर हवा तो मजकूर हेडखाली येण्याची वाटच सरासरी ७ मिलिसेकंद बघावी लागते, हेड सरकण्याचा वेळ वेगळा. कार्डाला ही वाटच नाही, त्यामुळे शेकडो फाँट भरलेला मेनू भराभर उघडतो. लिहिण्यात मात्र त्याची अडचण होते. कॅमेऱ्याचं कार्ड मोठे फोटो सलग लिहायला बनवलेलं असतं, विंडोज सारखं चिमूट चिमूट लिहीत राहतं. त्यानं काम मधेच अडखळतं आणि कार्डाचं आयुष्यही झिजतं. त्यावर उपाय म्हणजे रॅम वाढवायची आणि स्वॅप फाइल शक्य तितकी कमी वापरायची. लिहिताना लाइन गेली तर कार्डावरची फाइलही बिघडते, हेही विसरू नये.

कार्डाचा खरा फायदा वेगाहून वेगळा आहे. रीडरमध्ये घालून दुसऱ्या संगणकावर त्याची हुबेहूब नक्कल काढता येते, म्हणजे विंडोज, फाँट, जुन्या पत्रिका असं सगळं दुकानच दुसऱ्या कार्डावर तयार. पहिलं कार्ड गेलं तर दुसरं लावायचं. पण मदरबोर्ड, स्क्रीनचा दिवा आणि प्रिंटरच्या पोर्टातलं लॉक यांची अशी नक्कल निघत नाही. हे भाग कधीतरी जाणारच. तोवर मिळालेल्या मुदतीत नेहमी लागणारे मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावेत आणि जोडाक्षरांचं प्रूफ डोळ्यांनी वाचावं. ते न करता नुसता लॅपटॉप जगवला, तर हार्डडिस्कच्या जागी कार्ड आलं एवढंच. मराठी आहे तिथंच अडकलेली राहील.