वरच्या खोलीत वाय-फाय का पोहोचत नाही?



स्वारगेट, मुकुंदनगर, महर्षीनगर या भागात दुमजली घरे, बंगले बरेच आहेत. राउटर खाली हॉलमध्ये, टीव्हीच्या शोकेसमध्ये, आणि मुलांची अभ्यासाची खोली वर. मग दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ मध्येच थांबतो, शिष्यवृत्तीची सराव चाचणी अर्ध्यात अडकते. मूल मोबाईल घेऊन जिन्यात येऊन बसते आणि आपण म्हणतो, "अभ्यासात लक्षच नाही!" खरे कारण कधीकधी स्लॅबमध्ये असते.

असे का होते?

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. दिव्याचा उजेड जसा लांब जाताना मंद होतो, तशा या लहरीही क्षीण होतात. त्यातून आर.सी.सी. स्लॅब म्हणजे काँक्रीट आणि आत लोखंडी सळयांची जाळी. काँक्रीट लहरी शोषते, लोखंड त्या परतवते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी हेसुद्धा अडथळेच.

बहुतेक राउटर दोन प्रकारच्या लहरी देतात :

• २.४ गिगाहर्ट्झ – वेग कमी, पण भिंती-स्लॅबमधून जास्त पार जाते.
• ५ गिगाहर्ट्झ – वेग जास्त, पण अडथळ्यापुढे लवकर दमते.

वाय-फायच्या नावापुढे '५जी' दिसले, तर ते बहुधा हेच ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.

आधी तपासणी

राउटरजवळ उभे राहून स्पीड टेस्ट करा, मग त्याच मोबाईलवर वरच्या खोलीत करा. खालीसुद्धा वेग कमी असेल तर आधी कनेक्शनची तक्रार करा. खाली चांगला आणि वर कमी असेल, तर महागडा प्लॅन घेऊन फारसा फायदा नाही. नळाला जोर आहे, पाइप मध्येच तुंबलाय, असा तो प्रकार.

बिनखर्चाचे उपाय

१) राउटर शोकेसमधून बाहेर काढा. उंचावर आणि शक्यतो जिन्याजवळ ठेवा. जिन्याच्या जागी स्लॅब नसतो, त्यामुळे लहरींना वर जायला तीच मोकळी वाट.
२) उभ्या अँटेनामधून लहरी मुख्यतः आजूबाजूला पसरतात, वर-खाली कमी. दोन अँटेना असतील तर एक उभा ठेवा, एक आडवा करून पाहा.
३) वरच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झ जोडून पाहा. शेजारी खूप राउटर असतील तर या लहरींची गर्दी होते. सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा.
४) राउटर मायक्रोवेव्हपासून लांब ठेवा. तोही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

थोडा खर्च करायचा असेल तर

एक्स्टेंडर स्वस्त पडतो. पण तो वरच्या खोलीत लावू नका! जिथे सिग्नलच क्षीण आहे, तिथून तो पुढे काय देणार? जिन्याच्या वळणावर, अर्ध्या वाटेत लावा. साध्या एक्स्टेंडरने वेग मात्र जवळपास निम्मा होऊ शकतो.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे लॅन केबल वर नेऊन तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणे. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरासाठी पुरेशी. जुना राउटर पडून असेल आणि त्यात ही सोय असेल तर तोही चालतो. मेश संच महाग, पण मोठ्या घराला सोयीचा. त्याची दोन यंत्रे केबलने जोडता आली तर उत्तमच.

मुलांसाठी कृती

पाचवीच्या पुढच्या मुलांना हे काम जरूर द्या. घराचा साधा नकाशा काढायचा, प्रत्येक खोलीत तीन वेळा वेग मोजून सरासरी काढायची आणि स्तंभालेख करायचा. मग राउटरची जागा बदलून पुन्हा मोजायचे. गणित, विज्ञान दोन्ही होईल आणि राउटर कुठे ठेवायचा हे मूलच तुम्हाला सांगेल. करून पाहा आणि नक्की कळवा.