पत्री सरकारपासून बळीराजा धरणापर्यंत

गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या तासाला सरांनी ‘जहाल डाव्या चळवळी व त्यांचे राजकारणातील स्थान’ हा विषय वर्गात चर्चेला दिला होता. चर्चा पाचच मिनिटांत आटोपली. मागच्या बाकावरचा एक मित्र उठून म्हणाला, “सर, २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी मार्क्सवादी कम्युनिस्टांचा डहाणूला एक आणि शेतकरी कामगार पक्षाचा सांगोल्याला एक. हेच त्यांचे स्थान.” सगळा वर्ग हसला. मीही हसलो. संध्याकाळी घरी ही गंमत आजोबांना सांगितली, तर ते हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, “आरं, निवडून आलं म्हंजेच राजकारन व्हय?” आमचे आबा मुंबईत गिरणी कामगार होते. त्यांच्या या प्रश्नामुळेच मी वाचू लागलो आणि त्या वाचनातून हा लेख झाला.

प्रथम शब्दाबद्दल. ‘डावे’ हा शब्द आला फ्रान्समधून. १७८९ च्या क्रांतीच्या वेळी तेथील सभेत राजाचे अधिकार कमी करू पाहणारे लोक अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसत, एवढाच त्याचा उगम. पुढे मालमत्तेची व श्रमाची वाटणी नव्याने व्हावी असे म्हणणाऱ्या सर्वांना तो चिकटला. आपल्याकडे ‘जहाल डावे’ म्हटले की गडचिरोलीच्या जंगलातील बंदूकधारी डोळ्यांपुढे येतात. त्या वाटेविषयी मी येथे लिहिणार नाही. सातारा-सांगलीकडची वाट निराळी आहे, आणि ती आपल्या उंबऱ्यापासून सुरू होते.

आपला खंडाळा तालुका म्हणजे लोणावळ्याजवळचे थंड हवेचे खंडाळा नव्हे, हे परगावच्या पाहुण्यांना नेहमी सांगावे लागते! आपला खंडाळा खंबाटकी घाटाच्या अलीकडचा, पावसाला पारखा. पण याच तालुक्यातील नायगावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. जोतिरावांनी १८७३ साली पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याचे वारे सातारा जिल्ह्याच्या खेड्याखेड्यांत पोहोचले. मार्क्सचे नावही कानांवर नव्हते तेव्हा येथील कुणब्याला ‘माझ्या घामाचे धान्य जाते कोठे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लागली ती या समाजामुळे. क्रांतिसिंह नाना पाटील याच मुशीतून आले होते. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही तर पुढचे पत्री सरकार आकाशातून पडल्यासारखे वाटते.

१९४२ च्या सप्टेंबरात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार होऊन नऊजण हुतात्मे झाले. मोर्चे काढून गोळ्या खाण्यात अर्थ नाही असे ठरले आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून १९४६ पर्यंत त्यांनी त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (सांगलीचा भाग तेव्हा त्यातच होता) ब्रिटिश सरकारला समांतर असे सरकार चालविले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याचा सुमारे साडेपाच लाखांचा खजिना चिमठाण्याजवळ हस्तगत केला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली नावे. कुंडलला तुफान सेना उभी राहिली.

हे प्रसंग आपण शाळेत ऐकलेले असतात. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. या सरकारने गावोगाव न्यायदान मंडळे नेमली. सावकाराने दाबलेली जमीन, गुंडाचा त्रास, बायको टाकून देणे, असले तंटे पारावर बसून निकालात काढले. कर्ज काढून लग्न करू नये म्हणून थोड्या खर्चाची ‘गांधी लग्ने’ लावली. ज्या माणसाला मामलेदाराच्या कचेरीची पायरी चढताना घाम फुटे, तोच माणूस न्याय द्यायला बसू लागला. माझ्या मते पत्री सरकारचे खरे काम हे. पत्रे मारण्याच्या गोष्टी लोक चवीने सांगतात. परंतु शिक्षेची जरब चार दिवसांची असते, स्वतः कारभार करता येतो ही जाणीव मात्र लवकर पुसत नाही. अर्थात दोषही होते. या सरकारने जमिनीच्या फेरवाटपाला मुळातून हात घातला नाही, आणि बलुतेदार व दलित वस्त्यांचा आवाज त्यात किती होता हा प्रश्न आजच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.

मग स्वातंत्र्य आले आणि ही माणसे सत्तेच्या खुर्चीवर का दिसली नाहीत? काहीजण दिसले, पण ते काँग्रेसमध्ये राहिले म्हणून. बेचाळीसच्या लढ्यातले यशवंतराव चव्हाण पुढे मुख्यमंत्री झाले. ज्यांना काँग्रेस शेठजींची वाटू लागली त्यांनी शंकरराव मोरे, केशवराव जेधे यांच्यासह शेतकरी कामगार पक्ष काढला व १९५० मध्ये दाभाडी येथे मार्क्सवादी मार्गाचा प्रबंध स्वीकारला. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले आणि त्याच निवडणुकीत यशवंतराव कराडला जेमतेम काठावर तरले. त्यानंतर यशवंतरावांनी बेरजेचे राजकारण आरंभले. मोरे, जेधे तर आधीच काँग्रेसमध्ये परतले होते. सहकारी कारखाने, बँका, जिल्हा परिषदा यांत कर्त्या तरुणांना जागा मिळाल्या. मोर्चा काढणाऱ्याच्या हाती संस्था आली की मोर्चा थंडावतो.

येथेच माझ्या मित्राचा हिशेब चुकतो असे मला वाटते. माणसे गेली, पण त्यांच्या मागण्या मागे राहिल्या नाहीत. कूळकायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा हे काँग्रेसच्या सरकारांनी केले. परंतु डावीकडून रेटा नसता तर ते झाले असते का? रोजगार हमीचेही तसेच. तिची कल्पना मांडली वि. स. पागे यांनी; ते सांगली जिल्ह्यातले व काँग्रेसचे. मात्र १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांच्या मोर्चांत लाल झेंडे होते. १९७७ चा कायदा १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता, हे कायद्याने लिहून द्यावे लागले. २००५ साली केंद्राने तसाच कायदा देशासाठी केला. डाव्यांनी मागावे व दुसऱ्यांनी द्यावे, आणि मते देणाऱ्याला पडावीत, असा हा व्यवहार आहे. मात्र देताना त्यातला काही भाग गाळला जातो. तो कोणता, हे आमच्या घराच्या गोष्टीवरून चांगले कळते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत पुढारी, संपावर सुमारे अडीच लाख कामगार. आबा दीड वर्ष वाट पाहून गावी परतले. संप रीतसर मिटलाच नाही, आबा गंमतीने म्हणतात, “मी आजून संपावरच हाय.” त्याच सुमारास सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातही गिरणी कामगार आपापल्या गावी परतले. गावी दुष्काळ होता. पण तेथे त्यांची गाठ पडली डॉ. भारत पाटणकर व त्यांच्या सहकाऱ्यांशी. हे पाटणकर पत्री सरकारच्या कार्यकर्त्यांचे, बाबूजी व इंदुताई पाटणकरांचे, चिरंजीव. १९८० साली स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ती दलाचे ते नेते. त्या भागात ‘मुक्ती संघर्ष’ नावाने चळवळ उभी राहिली. तिने आधी खडी फोडण्याच्या कामाबद्दलच प्रश्न केला : दर दुष्काळात आम्ही खडी फोडतो, मग दुष्काळ हटत का नाही?

उत्तर येरळा नदीत सापडले. नदीतली वाळू ठेकेदार ट्रकांनी नेत होते. वाळू गेली की पात्रात मुरलेले पाणी जाते, आणि काठच्या विहिरी आटतात. लोकांनी ठेकेदारांचा उपसा अडविला व म्हटले, वाळू आमच्या गावची. थोडी आम्हीच विकू आणि त्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी झगडा झाला, पोलीस आले. शेवटी बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘बळीराजा धरण’ उभे केले. शहरातून विद्यार्थी श्रमदानाला आले होते, अभियंत्यांनी आराखडे करून दिले. जोतिरावांच्या बळीराजाचे नाव मार्क्सवाद्यांनी धरणाला द्यावे, यातच या मातीतला डावेपणा दिसून येतो.

धरण लहानच, परंतु त्याचा नियम मोठा. पाणी जमिनीला जोडायचे नाही, कुटुंबाला जोडायचे. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा. (आपल्या नीरेपलीकडे, पुरंदरातल्या दुसऱ्या नायगावी, विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने १९७२ च्या दुष्काळानंतर असाच नियम केला होता, तेथे उसालाही बंदी होती. साळुंखे काही कम्युनिस्ट नव्हते. चांगला विचार एकाच झेंड्याखाली राहतो असे नाही.) भूमिहीनाला पाणी कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. पाणी हाती असेल तर तो दुसऱ्याची पडीक जमीन बरोबरीच्या नात्याने वाट्याने करू शकतो. मग बांधावर तो हात जोडून उभा राहत नाही.

पुढे १९९३ पासून आटपाडीला नागनाथअण्णांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, जे शेकापचे आमदार म्हणून अकरा वेळा निवडून आले, तेही त्यांत होते. बच्छावत लवादाने १९७६ साली महाराष्ट्राला दिलेले कृष्णेचे पाणी आम्हा तेरा दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी इतकी वाढली की १९९६ मध्ये युतीच्या सरकारने कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन केले. टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या योजनांना गती आली. आता प्रत्येक पक्षाच्या फलकावर पाणी असते.

आमच्या तालुक्यातही धोम-बलकवडीचा कालवा आला. आमच्या घरापासून तो फार लांब नाही. आवर्तन सुटले की गावात आनंद होतो आणि तो खराच असतो. ऊस, भाजीपाला झाला, खुरपणीला काम वाढले, आईला त्याचा रोज मिळतो. मी कॉलेजात शिकतो तोही थोडाफार त्या पाण्यावर. पण पाण्याचा अर्ज करायचा तर सातबारा लागतो, आणि आमच्या नावावर राहत्या घराची जागा सोडली तर एक गुंठाही नाही. परिषदेने मागितलेले पाणी सरकारने दिले. बलवडीचा नियम तेवढा वाटेत राहिला.

हा लेख लिहून झाल्यावर मी आबांना वाचून दाखविला. बलवडीचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, “आमीबी त्याच साली आलो की रं गावाकडं. आमास्नी कुनी इचारलं न्हाय, आन् आमीबी कुनाला न्हाय.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, विट्यापासून ते बलवडी किती लांब पडते, आणि एस. टी. जाते का.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघे जाऊन येणार आहोत.