‘मॅट’च्या सदस्याला पदावरून कोण काढू शकते?

महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजेच ‘मॅट’, जुलै 1991 पासून राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदली, बढती, निलंबन यांसारख्या सेवाविषयक तक्रारी ऐकते. इथल्या बहुतेक प्रकरणांत प्रतिवादी खुद्द राज्य शासन असते. त्यामुळे निकाल देणाऱ्या सदस्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, या प्रश्नावर कर्मचाऱ्याला न्याय मिळणे अवलंबून असते.

लोहारा तालुक्यातील माकणीचा तलाठी किंवा तिथल्या निम्न तेरणा धरणावरचा जलसंपदा विभागाचा अभियंता घ्या. त्याची मुदतपूर्व बदली झाली, तर 2005 च्या बदली कायद्यानुसार विशेष कारणे लेखी नोंदवून वरिष्ठ सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घेतलेली असावी लागते. तसे झाले नसेल, तर तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे मूळ अर्ज दाखल करतो. शासनाची बाजू सादरकर्ता अधिकारी मांडतो. (गावातल्या जिल्हा परिषद शिक्षकाला मात्र ही वाट नाही, तो मॅटच्या कक्षेबाहेर.) बदलीच्या आदेशावर मंत्रालयातून शिक्कामोर्तब झालेले असले, तरी तो रद्द करण्याची ताकद सदस्यात हवी. खुर्ची जाण्याची धास्ती असेल, तर ती ताकद कागदावरच राहते.

1985 च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याने ही धास्ती ओळखली होती. कलम 9 नुसार सिद्ध झालेली गैरवर्तणूक किंवा अक्षमता, एवढ्याच कारणांवर आणि तेही सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने चौकशी केल्यावर, राष्ट्रपतींच्या आदेशानेच सदस्याला काढता येई. 2021 च्या न्यायाधिकरण सुधारणा कायद्याने ही चौकट बदलली. निवड समितीच्या शिफारशीवरून काढण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आला. मुदत चार वर्षांची झाली आणि नेमणुकीसाठी किमान वय 50 ठरले. यातल्या मुदतीच्या आणि वयाच्या तरतुदी आधी अध्यादेशात असताना सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये फेटाळल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्याच पुन्हा कायद्यात आल्या. 19 नोव्हेंबर 2025 रोजी अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असलेल्या पीठाने त्या पुन्हा रद्द केल्या आणि राष्ट्रीय न्यायाधिकरण आयोग स्थापण्याचा आदेश दिला. थेट बडतर्फीची वेळ क्वचितच येते. आखूड मुदत आणि फेरनियुक्तीची आस यांमुळेही सदस्य सरकारच्या मर्जीत राहू शकतो, म्हणून हा निकाल मोलाचा.

अमेरिकेत वारे उलट दिशेचे आहे. तिथल्या प्रशासकीय न्यायाधीशांना 1946 च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय काढण्यापासून संरक्षण दिले. फेब्रुवारी 2025 मध्ये मात्र त्यांच्या न्याय विभागाने या संरक्षणाचे न्यायालयात समर्थन न करण्याचे जाहीर केले.

भारतात आणखी एक आधार आहे. 1997 च्या एल. चंद्रकुमार निकालापासून मॅटच्या आदेशाला उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे आव्हान देता येते. माकणीच्या तलाठ्याला त्यासाठीही संभाजीनगरच गाठावे लागते.