नावाडी प्यायलेला असेल तर होडीत पाय ठेवू नका

शिरूरजवळून वाहणारी घोड नदी भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून पुढे उजनी धरणात जाते. या पाण्याकाठच्या आपल्या माणसांना मासेमारीसाठी, मजुरीसाठी किंवा सोयऱ्यांकडे जाण्यासाठी कधी ना कधी होडीत बसावे लागते. म्हणून या वेळी आम्ही होडीबद्दल लिहीत आहोत.

२१ मे २०२४ च्या सायंकाळी कुगावहून (ता. करमाळा) कळाशीकडे (ता. इंदापूर) निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. एक जण पोहून काठाला लागला. नुसता वारा एवढे करतो, तर नावाडी नशेत असल्यावर काय होईल?

दारूने तोल जातो, अंतराचा अंदाज चुकतो आणि धोका लहान वाटू लागतो. प्यायलेला प्रवासीही पाण्यात पडला तर स्वतःला सावरू शकत नाही. पाचवे शील पाळायला सांगते ते इथे थेट जिवाशी येऊन भिडते.

रस्त्यावर पोलीस तोंडाला यंत्र लावतात, पाण्यावर तसे कोणी दिसत नाही. पण कायदा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८२ प्रमाणे बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे नाव चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. भाडे घेऊन धोकादायक किंवा जादा भरलेल्या नावेतून माणसे नेणे हा कलम २८४ खाली गुन्हा आहे. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला, तर कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

नावाडी आपल्याच गावचा असतो, म्हणून बोलायला संकोच वाटतो. तरी स्पष्ट सांगा, "भाऊ, तुम्ही प्यायलात, आम्ही येत नाही." लाइफ जॅकेट नसेल, माणसे जास्त असतील किंवा आभाळ भरून आले असेल, तरीही थांबा.

अपघात झालाच तर नावाड्याने पळून जायचे नाही. आधी माणसे वाचवायची आणि लगेच पोलिसांना कळवायचे. काठावरच्यांनी ११२ आणि १०८ ला फोन करावा. पोहता येत नसेल तर उडी मारू नका. दोर, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, पोट दाबू नका. श्वास चालत नसेल तर आधी नाक दाबून तोंडाने श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० वेळा जोरात दाबा, पुन्हा २ श्वास द्या. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच.

वस्तीतल्या पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. छाती कशी दाबायची, हे आरोग्यसेविकाताईंकडून तरुण मुलामुलींनी शिकून घ्यावे.