पत्र्याच्या डबीतला रेझर

दाढीचा जुना रेझर ही काय जपून ठेवण्याची वस्तू आहे, असे कोणीही विचारील. आमच्या घरातही तेच विचारले गेले. रविवारी जुन्या बाजारातून काळवंडलेला एखादा रेझर घेऊन आलो की सौभाग्यवती म्हणतात, "चेहरा एक आणि रेझर अकरा!" पण या छंदाची सुरुवात बाजारात झाली नाही. ती आमच्या वडिलांच्या ट्रंकेत झाली.

वडील गेल्यावर ट्रंक उघडली. तिच्यात रेशनकार्ड, गिरणीचे जुने पास आणि एक पत्र्याची डबी होती. डबीत पितळेचा रेझर होता. वरचा मुलामा उडालेला, दांडा गुळगुळीत झालेला. घरात सर्वांना माहीत होते की हा रेझर पणजोबांचा. पणजोबा 111 व्या महार पलटणीत होते. ही पलटण पहिल्या महायुद्धात, 1917 साली उभी राहिली आणि 1921 साली मोडली गेली. "पणजोबांनी लढाईतून आणलेला रेझर" असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग विचार केला, आपण हिशेबाचे माणूस, या वस्तूचाही हिशेब लावून पाहावा.

हा रेझर आला कुठून?

पूर्वी दाढी म्हणजे उघडा वस्तरा. हात चुकला की गाल कापला. पॅरिसचे कारागीर झाँ-झाक पेरे यांनी अठराव्या शतकात वस्त्र्याच्या पात्याला लाकडी आडोसा बसवण्याची युक्ती काढली. 1847 साली इंग्लंडमध्ये विल्यम हेन्सन यांनी खुरप्यासारखा आडव्या डोक्याचा रेझर केला. 1880 साली अमेरिकेत कॅम्फे बंधूंनी पात्यापुढे संरक्षक पट्टी असलेल्या रेझरचे पेटंट घेतले. पण या सर्वांचे पाते जाड होते आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे.

किंग कँप जिलेट हे अमेरिकेतील फिरते विक्रेते. बाटलीची बुचे विकत. वापरून फेकून द्यावी अशी वस्तू काढ, लोक पुन्हा पुन्हा घेतील, असा सल्ला त्यांना त्यांच्या मालकाने दिला होता. 1895 साली दाढी करताना त्यांना पातळ पात्याची कल्पना सुचली. एवढे पातळ पोलाद कडक करणे कोणालाच जमेना. अखेर विल्यम निकरसन या इंजिनिअरने ते जमवले. 1903 साली विक्री सुरू झाली, तेव्हा वर्षभरात फक्त 51 रेझर खपले. पुढच्याच वर्षी हा आकडा 90 हजारांवर गेला. 15 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे 35 लाख रेझर घेतले. रोज आपल्या हाताने दाढी करण्याची सवय घेऊन ते सैनिक घरी परतले.

हे वाचून आम्हाला आनंद झाला. पणजोबांची गोष्ट जुळते असे वाटले. पण रेझर हातात घेऊन नीट पाहिला तेव्हा हिशेब चुकू लागला.

दाते नसलेला रेझर

जुन्या रेझरचे वय ओळखण्याच्या काही खुणा असतात. पहिली खूण म्हणजे डोके. जिलेटच्या सुरुवातीच्या रेझरला पात्याखाली फणीसारखे दाते असत. दुसरी खूण म्हणजे उघडण्याची रीत. दांडा, खालची पट्टी आणि वरचे झाकण असे तीन सुटे भाग, की खालची मूठ फिरवताच वरची झाकणे दारांसारखी उघडणारा रेझर? तिसरी खूण अक्षरांची. सुरुवातीच्या रेझरवर अनुक्रमांक असत. 1950 नंतरच्या अमेरिकन जिलेटवर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. अक्षर वर्षाचे, आकडा तिमाहीचा. 'ए' म्हणजे 1955, 'एफ' म्हणजे 1960.

आमच्या डबीतल्या रेझरचे तीन सुटे भाग होते, पण त्याला दाते नव्हते. त्यांच्या जागी सरळ सलग पट्टी होती. खाली 'मेड इन इंग्लंड' असे कोरलेले. भिंग घेऊन, चित्रांशी ताडून पाहिले. हा जिलेटचा 'टेक' नावाचा रेझर निघाला. 'टेक' बाजारात आला तो 1938-39 च्या सुमारास. म्हणजे 1921 साली मोडलेल्या पलटणीतील माणूस तो लढाईतून आणूच शकत नव्हता!

मग हा रेझर कोणाचा? आमच्या आत्या आता ऐंशीच्या घरात आहेत. रेझर त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि म्हणाल्या, "हा तर माझ्या धाकट्या काकाचा. तो दुसऱ्या लढाईत होता. तुम्ही पोरं त्याचं नावच घेत नाही."

आजोबांचे धाकटे भाऊ. महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली, तिच्यात ते भरती झाले होते. लग्न झाले नाही, फोटो नाही, लवकर वारले. घराच्या बोलण्यात त्यांची वस्तू पणजोबांच्या नावावर गेली आणि माणूस विसरला गेला.

आत्यांनी पुढे सांगितले ते आम्ही वहीत लिहून घेतले. गावचा न्हावी आपल्या लोकांची दाढी करीत नसे. केली तर गाव त्याचेच काम बंद करील ही त्याला धास्ती. काका गावी आले की ओट्यावर पाण्याचा तांब्या घेऊन बसत. वस्तीतली म्हातारी माणसे रांगेने येत. पाते बोथट झाले की काचेच्या पेल्यात आतून घासून त्याला धार आणत. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहिले आहे की साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, तरी भावंडांचे केस थोरली बहीणच कापी. हे आम्ही पूर्वी वाचले होते. पण तेच आपल्या ओट्यावरही घडत होते, हे त्या दिवशी कळले.

तेव्हापासून आम्ही रेझर जमवू लागलो. आज अकरा आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात भंगाराच्या ढिगात ते सापडतात. ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आत जुने पाते असेल तर आधी ते सांभाळून काढून, कागदात गुंडाळून टाका. त्यावर दुसऱ्याचे रक्त लागलेले असू शकते. रेझर कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा. रेती, राख, सँडपेपर लावू नका. मुलामा निघतो आणि कोरलेली अक्षरेही जातात. दांडा बेकेलाइटचा असेल तर उकळत्या पाण्यात घालू नका.

पण सर्वात मोठे काम घासण्यापुसण्याचे नाही. घरातली जुनी वस्तू आजच बाहेर काढा आणि घरातल्या सर्वात वयस्कर माणसाच्या हातात द्या. मग गप्प बसून ऐका आणि तारखेसह लिहून ठेवा. आमच्या आत्यांना विचारायला आम्ही आणखी चार वर्षे उशीर केला असता तर?

डबी आता कपाटात आहे. तिच्यावर आम्ही कागद चिकटवला आहे. पूर्वी तोंडी पणजोबांचे नाव चाले. आता धाकट्या आजोबांचे नाव शाईने लिहिले आहे. परवा मुलाने ते मोठ्याने वाचले. आमच्या घरात ते नाव इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असे उच्चारले गेले.