एव्हरेस्ट नाही, मग कोण? भूगोलाच्या एका बंद पडलेल्या स्पर्धेविषयी

हा भाग ऐकण्याऐवजी वाचत असाल तरी हरकत नाही, पण आधी एक प्रश्न. पृथ्वीच्या केंद्रापासून सगळ्यात लांब असलेलं शिखर कोणतं?

एव्हरेस्ट म्हणालात? नाही. उत्तर आहे चिंबोराझो, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशातलं. २०१३ साली अमेरिकेतल्या 'नॅशनल जिओग्राफिक बी' या शालेय स्पर्धेच्या अंतिम फेरीत हाच प्रश्न आला आणि त्याचं बरोबर उत्तर देणारा मुलगा देशात पहिला आला.

आता गंमत बघा. एव्हरेस्टची समुद्रसपाटीपासूनची उंची ८,८४९ मीटर, चिंबोराझोची फक्त ६,२६३. मग ते लांब कसं? कारण पृथ्वी चेंडूसारखी गोल नाहीये. स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. केंद्रापासून मोजलं तर विषुववृत्त ध्रुवांपेक्षा साधारण २१ किलोमीटर जास्त लांब आहे. चिंबोराझो विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून, तर एव्हरेस्ट तिथून २८ अंश उत्तरेला. त्या फुगवट्यामुळे चिंबोराझो सुमारे दोन किलोमीटरनं बाजी मारतं.

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला. भूगोल म्हणजे राजधान्या आणि नद्यांची घोकंपट्टी, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. नावं पाठ हवीतच, पण त्या नावामागचं 'का' कळलं की ते नाव विसरत नाही.

ही स्पर्धा १९८९ साली सुरू झाली. चौथी ते आठवीची मुलं त्यात भाग घ्यायची. आधी शाळेत, मग राज्यात, आणि शेवटी वॉशिंग्टनला. तिथे ५४ मुलं पोहोचायची: ५० राज्यांमधून प्रत्येकी एक, बाकीची चार राजधानीचा जिल्हा, अमेरिकेची बेटं आणि सैन्यतळांवरच्या शाळांमधून. त्यातली दहा अंतिम फेरीत. पहिली २५ वर्षं प्रश्न विचारायला होते अ‍ॅलेक्स ट्रेबेक, 'जेपर्डी' या टीव्हीवरच्या क्विझमुळे घराघरात पोहोचलेले.

२०१२ ते २०१९ अशी सलग आठ वर्षं ही स्पर्धा भारतीय वंशाच्या मुलांनी जिंकली. अशी बातमी आली की आपली कॉलर ताठ होते. होऊ दे, मुलांनी मेहनत घेतलीच होती. पण दुसराही एक आकडा बघा: ३१ वर्षांत मुली जिंकल्या फक्त दोन, १९९० आणि २००७ मध्ये. मुलींना भूगोल जमत नाही म्हणून असं झालं, हे मला अजिबात पटत नाही. घरी नकाशा कोणासमोर उलगडला जातो, 'तू भाग घे' असं कोणाला सांगितलं जातं, यावरही बरंच ठरतं.

२०२० मध्ये कोरोनामुळे स्पर्धा रद्द झाली आणि २०२१ मध्ये नॅशनल जिओग्राफिक सोसायटीनं ती कायमची बंद केली. मला वाईट वाटलं. पण खरं सांगू? स्पर्धा एकाला जिंकवते, नकाशा मात्र सगळ्यांना वाचता येतो.

आपल्याकडे दहावीला भूगोलाचा पेपर ४० गुणांचा. आराखड्यात ठिपके दिले, सूची केली, की विषय संपला! म्हणून आज एवढंच करा. मोबाइलवर नकाशा उघडा आणि महाबळेश्वर शोधा. तिथे धो धो पाऊस. आता बोट पूर्वेकडे सरकवत फलटण, दहिवडीपर्यंत या. इथे पाण्यासाठी वणवण. अंतर फार नाही, मग असं का? ढग सह्याद्री चढतानाच बरसून मोकळे होतात आणि पलीकडे उरतो पर्जन्यछायेचा प्रदेश. टँकर कुठे लागतो आणि ऊस कुठे पिकतो, याची सुरुवात इथून होते.

तुमच्या गावाबद्दलचा असा एखादा 'का' शोधा आणि आम्हाला व्हॉइस मेसेज करून पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. तोवर, नकाशा बंद करू नका!